कोटाच्या काठातलं शिसं

"कात्री हाय का गं धारंची?"

"हाय की. पर कापायचं काय, काकी?"

"कोट."

एवढं बोलून दोलिनाकाकीनं आपला काळा कोट माझ्या टेबलावर टाकला. टेबलावर नुकत्याच तव्यावरून उतरवलेल्या ओट धान्याच्या भाकऱ्या होत्या, त्यांच्यावरच टाकला म्हणा ना. चर्चला जायचा कोट तो. रविवारखेरीज त्याला कधी ऊन लागलेलं नाही. मी भाकऱ्या खालून ओढून घेतल्या आणि म्हटलं, इतका चांगला कोट, अजून दहा वर्षं निघतील.

"समदा न्हाई कापायचा. डाव्या बाजूचा काठ तेवढा उसव. माझ्या डोळ्यांस्नी टाका दिसंना, न्हाईतर तुझ्या दारात आले नसते."

ते मात्र खरं. दोलिनाकाकी कुणाच्या दारात मागायला जाणारी बाई नव्हे. माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. चुलता जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हापासून चौदा मेंढ्या, बटाट्याचं वावर आणि जळणाची गंज एकटीनं सांभाळते. वय अडुसष्ट. जळणाचं पोतं पाठीवर टाकून चढ चढते आणि वर आल्यावर धाप आपल्यालाच लागते, तिच्याकडं बघून.

तिच्या कोटाची गावात थट्टा होतीच. लुईस बेटाच्या पश्चिम कडेला आमचं गाव. इथं वारा माणसाला विचारून वाहत नाही. रविवारी चर्चच्या चढावर सगळ्या बायांचे कोट कावळ्याच्या पंखांसारखे फडफडत असतात. फक्त दोलिनाकाकीच्या कोटाची डावी बाजू गुमान खाली. लोक म्हणायचे, हिच्या डाव्या काठाला वारासुद्धा भितो.

मी खुर्ची ओढून बसले. काठ चांगला चौपदरी दुमडलेला, आणि टाके सुती दोऱ्याचे नव्हेत, जाळी विणायच्या डांबरी सुतळीचे. एवढे टाके कोटाला कोण घालतं? मी एकेक तोडत गेले. शेवटचा तुटला तसं काहीतरी जमिनीवर पडलं. नाण्यासारखं खणकलं नाही. ओला मातीचा गोळा पडावा तसा बद्द आवाज आला.

उचलून बघितलं आणि माझ्या हातातली कात्री टेबलावर कधी गेली ते मला कळलं नाही. शिशाचा चौकोनी बिल्ला. अंगठ्याच्या नखाएवढा. एका बाजूला आमच्या चर्चमंडळीचं नाव, दुसऱ्या बाजूला शास्त्रवचनाचा आकडा.

"काकी, ह्यो त्योच का?"

"त्योच."

मला खाली बसावंसं वाटलं, पण मी बसलेलीच होते.

हा बिल्ला म्हणजे काय ते आमच्या गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. वर्षातून दोनदा, मार्चात आणि सप्टेंबरात, प्रभुभोजन. पाच दिवस उपासना, घराघरात परगावचे पाहुणे. शनिवारी मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे जाणते पुरुष, ज्याची लायकी त्याच्या हातावर बिल्ला ठेवायचे. रविवारी तो बिल्ला देऊन पांढऱ्या कापडाच्या मेजाशी बसायचं आणि भाकर, द्राक्षारस घ्यायचा. बिल्ला नाही तर मेज नाही. अलीकडं वीसेक वर्षं बिल्ले गेले आणि पुठ्ठ्याची कार्डं आली, पण रीत तीच.

आणि आमच्याकडची खोड अशी की मेजाशी जातात थोडे. निम्मं गाव जन्मभर चर्चला येतं, स्तोत्रं तोंडपाठ म्हणतं, घरी सकाळ-संध्याकाळ अध्याय वाचतं, आणि एकदाही त्या पांढऱ्या कापडाला हात न लावता मरून जातं. कारण काय, तर माझी लायकी नाही. अपात्र माणसानं खाल्लं तर तो शिक्षा खातो, असं शास्त्रात आहे, ते आमच्या हाडात मुरलंय. प्रभू लायक माणसांसाठी आला नव्हता, हेही त्याच शास्त्रात आहे. पण ते पान आमच्याकडं कमी उलटलं जातं.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात एक बिल्ला कमी भरला होता. पुढच्या मार्चाच्या प्रभुभोजनाला बिल्ले मोजले तेव्हा ते उमगलं. वाटायचं काम तॉर्कलकडं होतं. मासेमारीचा धंदा, सत्तेचाळीसचं वय, वडिलांमध्ये सगळ्यात मऊ माणूस. तो बैठकीत म्हणाला, जबाबदारी माझी होती, माझ्यावर लिहा. लिहिलं. बिल्ल्यांचं काम काढून घेतलं, मेजाच्या टोकाशी उभं राहायचा मान काढून घेतला. गावानं मग आपलं काम केलं. आमच्याकडं एका नावाची दहा माणसं, म्हणून खरं नाव गावच ठेवतं, आणि ते बापाकडून पोराकडं जातं, जमिनीसारखं. तॉर्कल झाला 'हरवल्या'. त्याची मुलगी 'हरवल्याची एफी'. एफीच्या पोरांनाही शाळेत हजेरीला एक नाव आणि मैदानावर 'हरवल्याचे'.

तो पुढं जन्मभर मेजाशी साध्या माणसांत बसायचा, बाकाच्या कडेला, आणि डाव्या हाताला एका माणसाची जागा सोडून. गर्दी झाली तरी सरकायचा नाही. पोरं खिदळायची, हरवल्यानं हरवलेला बिल्ला शेजारी बसवलाय म्हणायची.

गेल्या गुरुवारी तो एक्क्याण्णवाव्या वर्षी गेला. आमच्याकडं बाया कबरस्तानात जात नाहीत. पुरुष खांदा देत निघून गेले आणि आम्ही एफीच्या घरात कपबशा विसळत राहिलो. तिथं कुणीतरी बोललं, माणूस देवाचा होता, पण प्रभूचा बिल्ला त्याच्या हातून हरवला तो हरवलाच, त्ये काय पुसलं जात न्हाई. दोलिनाकाकीच्या हातात कपांचा ट्रे होता. तिनं तो चुलीवर ठेवला आणि शाल न घेता निघून गेली. बरं नसेल, असं मला वाटलं होतं.

आता ती माझ्या टेबलाशी बसून गरम भाकरीचे तुकडे करत होती. खात नव्हती. सांगत होती, आणि मी ऐकत होते, आणि मधूनमधून त्या बिल्ल्याकडं बघत होते, कारण एका वस्तूनं एवढं केलं असेल यावर माझा विश्वास बसेना.

चोविसाव्या वर्षी ती वडिलांसमोर उभी राहिली होती. एवढ्या कोवळ्या वयाची पोर म्हणून त्यांनी कुरकुर केली, पण उत्तरं चांगली दिली तिनं. तॉर्कलनं हातावर बिल्ला ठेवला. ती नाचत घरी आली, तर थोरली बहीण केटनं आईचा सूत कातायचा चरखा आपल्या पेटीत भरलेला. केट मंगळवारी जहाजानं कॅनडाला जायची होती. आई मेल्यावर चरखा दोलिनाचा, असं ठरलेलं. शब्दाला शब्द वाढला. शेवटी दोलिना म्हणाली, तुझे हात झडू देत. आणि रविवारी तेव्हाच्या पाळकानं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूनं, मेजासमोर उभं राहून नेमकं तेच वचन काढलं, की वेदीपाशी देणगी आणलीस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर देणगी तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर.

"लोक स्तोत्र म्हणत उठाया लागले. माझं गुडघं उठंनात. बिल्ला हातमोज्यात, जळत्या कोळशागत. म्हनलं, सोमवारी परत देऊ. सोमवारी केटची बांधाबांध. मग म्हनलं, रविवारी. मग मार्च आला."

"मग तवा का न्हाई बोललीस? तॉर्कलआजाला काढलं तवा?"

"बोलणार व्हते की. दर शनवारी बोलणार व्हते."

केटशी भांडण तीन वर्षांत पत्रानं मिटलं. केटनं चरखा परतसुद्धा पाठवला, मोडका. पण बिल्ल्याचं काही मिटेना. तो आता भांडणाचा उरला नव्हता, तॉर्कलच्या बदनामीचा झाला होता. घरात ठेवायची भीती वाटायची. समुद्रात टाकायला एकदा खडकावर गेलीही होती, पण प्रभूची वस्तू, टाकायची कशी? म्हणाली, टाकला असता तर शास्त्रातल्या योनासारखा कुठल्यातरी माशाच्या पोटातनं माझ्याच ताटात आला असता. म्हणून पहिल्याच वर्षी कोटात शिवला होता. कोट झिजला की नव्या कोटात. हा चौथा.

"काकालाबी ठावं न्हवतं?"

"कोट खुंटीला मीच टांगायची."

मी विचारलं, मग आता? ती म्हणाली, या आठवड्यात सप्टेंबरचं प्रभुभोजन, शनिवारी वडिलांसमोर जाणार आणि सांगणार. तॉर्कलचं नाव धुऊन निघालं पाहिजे. माझं काय ते देव बघून घेईल, मेज मला या जन्मी नाही, ते मी कधीच सोडलं. मी म्हटलं, आधी एफीकडं जा. तर ही बाई, जी बैलाच्या शिंगाला धरून बाजूला करते, ती टेबलाची कड धरून बसली.

बुधवारी सकाळी मी तिला ओढतच नेलं. एफी घरामागं ओट्यावर बसून पाहुण्यांसाठी कोंबड्या सोलत होती. वय बासष्ट, बापासारखीच रुंद. मांडीवर कोंबडी, पायाशी पिसांचा ढीग, ओठाला एक पीस चिकटलेलं. आम्ही समोर उभ्या राहिलो. दोलिनाकाकी एक पाऊल पुढं झाली.

एफीनं एकदा तिच्या चेहऱ्याकडं बघितलं, एकदा आवळलेल्या मुठीकडं.

"उघड मूठ," ती म्हणाली. "बिल्लाच हाय न्हवं?"

मी दोलिनाकाकीकडं बघितलं, ती माझ्याकडं. मी मान हलवली, मी कुणाला बोलले नव्हते.

"तुला... कुणी सांगितलं?"

"बानं."

"त्येला ठावं व्हतं?"

"पहिल्या सालापासनं." एफीनं पीस ओठावरून पुसलं. हात थांबले नाहीत तिचे, ती सोलतच राहिली. "त्यो कोळी माणूस. जन्मभर जाळ्याच्या काठाला शिसं शिवलं. कापडात शिसं असलं की कापड कसं लोंबतं त्ये त्येला शिकवायचं व्हय? त्या हिवाळ्यात तू कोट घालून चढावर आलीस, आन् त्यो घरी येऊन आयला म्हनला, बिल्ला घावला."

दोलिनाकाकी मटकन ओट्यावर बसली, पिसांतच.

मला आठवलं. दरवर्षी सप्टेंबरात, उपासना सुटल्यावर, चर्चच्या फाटकाशी तॉर्कल म्हातारा दोलिनाकाकीला एकच विचारायचा. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, बाजूला उभी राहून. कोट जड व्हतोय का गं, दोलिना? आणि ती म्हणायची, न्हाई बाबा, ऊब हाय. तो मान हलवायचा आणि जायचा. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याचं हवापाण्याचं बोलणं.

तिलाही तेच आठवलं असावं. तिनं दोन्ही हात तोंडावर धरले. मला वाटलं, आता रडते. पण ती रडली नाही, ती भडकली.

"ठावं व्हतं आन् गप बसला? चव्वेचाळीस वर्सं? मी रातध्याड जळत व्हते, आन् ह्यो फाटकाशी उभा ऱ्हाऊन कोटाची चवकशी करतूय? एक शब्द बोलला असता तर? एक!"

"मी बी ह्येच इचारलं," एफी म्हणाली. आता मात्र तिचे हात थांबले. "माझ्या थोरल्याला शाळंत हरवल्या म्हनून चिखलात लोळवला, त्या दिशी मी बाच्या अंगावर गेले. म्हनलं, जा आन् त्या बाईचा कोट फाड, न्हाईतर मी फाडते. तवा त्यानं मला समदं सांगितलं. म्हनला, मासा वढून आणत्यात, पावण्याची वाट बघत्यात. वढून आणली तर ती मेजाशी मासा म्हनून येईल. मेलेली."

"वाट बघता बघता म्येला की त्यो."

"म्येला. आन् तू एक आयकून ठेव, दोलिना. त्यानं तुला माफ केलं आसंल, मी न्हाई केलं. चौतीस वर्सं मी तुझ्या नावानं बोटं मोडलीत. बा आजारी पडल्यापास्नं मेजाशी ती जागा मी सोडायची. त्यानं सांगितलं म्हनून सोडायची, मला वाटतंय म्हनून न्हाई."

"कुठली जागा?" दोलिनाकाकीनं विचारलं.

एफीनं तिच्याकडं असं बघितलं, जसं माणूस आंधळ्याकडं बघतं.

"डाव्या अंगाची. कुणासाठी वाटली तुला?"

मी त्या गावात जन्मले. पोरं खिदळली तेव्हा मीही खिदळले होते. बाकावरची ती रिकामी जागा मी शंभरदा बघितली असेल, आणि दर वेळी ती जागा दोलिनाकाकीच्या बाकाच्या सरळ समोर असायची. दिसत होतं सगळ्यांना. बघितलं कुणीच नाही.

एफी उठून आत गेली आणि बापाचं शास्त्र घेऊन आली. लूकच्या शुभवर्तमानात मोठ्या जेवणाचा दाखला आहे. बोलावलेले येत नाहीत, मग चाकर लंगड्या-आंधळ्यांना गोळा करून आणतो आणि धन्याला सांगतो, की तरीही अजून जागा आहे. त्या ओळीशी पान बोटानं इतकं मळलेलं की अक्षरं करडी झाली होती. समासात काही लिहिलेलं नव्हतं. एका जाड काळ्या दोऱ्याचा तुकडा पानात घातलेला. जाळी शिवायची सुतळी.

एफीनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, कोंबड्या राहिल्यात, बसणार असशील तर हात लाव. दोलिनाकाकीनं हात लावला. त्या दोघींनी सात कोंबड्या सोलल्या.

शनिवारी वडिलांची बैठक चर्चमागच्या खोलीत. बंद दाराआड असते, आणि आत झालेलं बाहेर बोलायचं नसतं. पण रोरी म्हातारा, चौऱ्याऐंशीचा, कानानं गेलेला. त्याला ऐकू यावं म्हणून सगळे ओरडतात, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणून तोही ओरडतो. त्यामुळं बाहेर पायरीवर बसलेल्या मला चोरून ऐकायची गरजच पडली नाही.

दोलिनाकाकीनं सगळं सांगितलं. मग नव्या पाळकाचा घसा खाकरल्याचा आवाज. बेटाबाहेरचा, मुख्य भूमीवरचा तरुण माणूस तो, त्याला इथं येऊन वर्षही झालं नव्हतं. मग कॅलम बोलला. कॅलम शाळेचा निवृत्त हेडमास्तर, बैठकीचं वहीकाम त्याच्याकडं. तो म्हणाला, घडलं ते गंभीर आहे आणि तसं नोंदवलं जाईल. वहीतली जुनी ओळ खोडता येत नाही, पण खाली नवी लिहिता येते, बिल्ला मिळाला म्हणून.

दोलिनाकाकी म्हणाली, वहीत लिहून काय उपयोग? वही तुमच्या कपाटात. तॉर्कलला नाव ठेवलं ते काय कपाटात ठेवलं होतं? उद्या मेजासमोर, सगळ्या मंडळीपुढं, मोठ्यानं वाचा. माझ्या नावासकट.

पाळकानं विचारलं, तुम्हाला कळतंय ना याचा अर्थ? ती म्हणाली, मला चांगलं कळतंय, तुम्ही इथं नवीन आहात, तुम्हाला कळत नसेल. गाव आता माझ्यासाठी नाव शोधेल.

मग पाळकानं जरा अवघडून विचारलं, आणि मेजाशी यायचं? कॅलम लगेच म्हणाला की तो वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी कार्ड लागतं, आणि कार्डासाठी देवानं आपल्या आत्म्यात काय काम केलं याची साक्ष लागते. हा बिल्ला तर रद्द झालेला आहे.

रोरी ओरडला, "काय रद्द?"

"बिल्ला! जुना बिल्ला चालत नाही!"

"कुणी सांगितलं? दिला तवा त्याच्यावर मुदत घातली व्हती व्हय?"

कॅलमनं काहीतरी नियमाचं सांगितलं. रोरी म्हणाला, चोवीस वर्षांच्या पोरीची साक्ष ऐकून आपल्या बैठकीनं तो दिला, तेव्हा त्या खोलीत असलेल्यांपैकी आज मी एकटा जिवंत आहे, आणि मी तो परत मागितलेला नाही. देव दिलेलं परत मागतो असं तुझ्या शास्त्रात कुठं असेल तर दाखव.

पण कॅलम हटणारा नव्हता. साक्ष पाहिजेच. आणि खरं सांगायचं तर नियमानं त्याचंच बरोबर होतं. त्यानं विचारलं, दोलिना, देवानं तुझ्यासाठी काय केलं, ते तुझ्या शब्दांत सांग.

आमच्याकडं या प्रश्नाची तयारी माणसं वर्षानुवर्षं करतात. कोणत्या उपदेशानं हलले, कोणत्या वचनानं बांधले गेले, कोणत्या रात्री उजेड पडला. मी पायरीवर बसून हाताची बोटं आवळली. माझ्या काकीला यातलं काही बोलता येणार नाही, हे मला ठाऊक होतं.

"देवानं काय केलं त्ये मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "तॉर्कलनं काय केलं त्ये मला बुधवारी कळलं. माझं वझं त्यानं सोताच्या नावावर घेतलं, आन् माझी जागा धरून बसला, आन् मला कळूबी दिलं न्हाई. असलं काय मानसाला सोताहून सुचत न्हाई, कॅलम. मला तर न्हाई सुचलं. मग त्यो कुणाकडनं शिकला त्ये तुमीच सांगा."

रोरीनं या वेळी 'काय?' म्हणून विचारलं नाही, म्हणजे त्याला ऐकू गेलं होतं.

दार उघडलं, ती बाहेर आली. मूठ आवळलेलीच. काय ठरलं, मी विचारलं. म्हणाली, ठावं न्हाई, त्यांनी बिल्ला परत माझ्या हातात दिला आणि म्हणाले, जा.

रविवारी चर्च उंबरठ्यापर्यंत भरलेलं. आमच्याकडं उपदेश चालू असताना लोक पुदिन्याची गोळी चघळतात. पाचशे माणसांच्या तोंडातली ती बारीक टकटक कायम पार्श्वभूमीला असते, आपल्या कानांना सवय झालेली. पाळक मेजासमोर उभा राहिला आणि त्यानं कागद वाचला. चार ओळींचा. तॉर्कलच्या हातून काहीही हरवलं नव्हतं. बिल्ला दोलिनाजवळ होता. तिनं तो स्वतः आणून दाखवला. तॉर्कलला हे ठाऊक होतं आणि त्यानं दोष स्वतःवर घेतला.

गोळ्यांची टकटक थांबली. कुणी मागं वळून बघितलं नाही. आमच्यात चर्चमध्ये मागं बघत नाहीत. पण पाचशे मानांचं न वळणं दिसत होतं मला. माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारा बसला होता, तॉर्कलला 'हरवल्या' त्यानंच पहिल्यांदा म्हटलं होतं म्हणतात. त्याची मान हळूहळू लाल होत गेली, कॉलरपासून वर.

एकशेतिसरं स्तोत्र सुरू झालं. मेजाशी जाणारे उठले. एफी गेली, बाकाच्या कडेला बसली, आणि डाव्या हाताला जागा सोडली. दोलिनाकाकी माझ्या शेजारी. ती बसूनच होती. एक कडवं गेलं. दुसरं गेलं. मी तिच्याकडं बघितलं नाही. मासा ओढून आणतात.

तिसऱ्या कडव्याला ती उठली. मधल्या वाटेनं चालत गेली, आणि त्या वाटेवर तिच्या बुटांचा आवाज स्तोत्राच्या वर ऐकू येत होता. मेजाच्या टोकाशी कॅलम उभा, हातात कार्डांची गड्डी. ती त्याच्यासमोर थांबली आणि बिल्ला पुढं धरला.

कॅलमनं घेतला नाही लगेच. किती वेळ म्हणाल तर एका श्वासाचा. मग त्यानं कार्डांची गड्डी डाव्या हातात घेतली, उजवा तळवा उघडला, आणि तिनं त्यात शिसं ठेवलं. हेडमास्तरचा तो हात वजनानं थोडा खाली गेला. मी बघितलं.

ती जाऊन एफीच्या शेजारी बसली. एफी सरकली नाही, तिनं तिच्याकडं बघितलंही नाही. भाकरीचं ताट आलं तेव्हा एफीनं तुकडा मोडला आणि ताट डावीकडं दिलं. ताट थांबलं. दोलिनाकाकी त्या भाकरीकडं बघत राहिली, जणू कुणी तिच्यापुढं समुद्र ठेवलाय. मग तिनं एवढासा तुकडा घेतला, आणि तोंडात ठेवला, आणि डोळे मिटले नाहीत.

मंगळवारी पाहुणे गेले. मी तिच्याकडं गेले तेव्हा ट्रॅक्टरनं आणून टाकलेल्या पीटच्या विटा, रानातली काळी माती कापून वाळवलेल्या, घराच्या कडेला ढिगानं पडलेल्या, आणि ती हिवाळ्याची गंज रचत होती. दोरीवर काळा कोट वाऱ्यात वाळत होता. शिसं गेलं तरी डावी बाजू खालीच लोंबत होती. कापड ताणलंय, म्हणाली, आता ते काही सरळ होत नाही.

मी विचारलं, एफी बोलली का. म्हणाली, काल फाटकाशी भेटली, माझी एक कोंबडी कमी सोललीस म्हणाली. आणि गाव? गाव अजून एफीला हरवल्याचीच म्हणतं, जीभ वळलेली आहे. दोलिनाकाकीला मात्र नवं नाव मिळालंय, शिसेवाली. बरं आहे, म्हणाली, पोरंबाळं न्हाईत मला, माझ्याबरोबरच संपंल.

तिच्या हाताला काळं लागलं होतं कोपरापर्यंत. मी पण बाह्या वर केल्या, वाकले आणि एक वीट उचलून लावली.

"ती वल्ली हाय. खाली कशाला लावतीस? वल्ली वर, वाऱ्याला. इतकी वर्सं झाली, तुला गंज रचता येईना."

मी ती काढून वर ठेवली. तिनं बोटानं दाबून बघितली, तिरकी केली, आणि पुढची उचलली.